अर्ध्या तासाचा लेफ्ट गार्ड

आमच्याकडे मंगळवार म्हणजे खेळाडूंची सुट्टी. म्हणूनच बाहेरच्या खेळाडूंच्या चाचण्या बहुतेक मंगळवारी होतात. मैदान मोकळं असतं, आणि ज्याची जागा भरायची तो समोर लंगडत फिरत नसतो.

मी अमेरिकन फुटबॉलच्या एका व्यावसायिक संघात आकडेवारीच्या विभागात आहे. संघाचं नाव लिहीत नाही; लिहिलं तर उद्या माझं ओळखपत्र दारावर चालायचं नाही. सांगलीला बी.एस्सी. केलं, इथं येऊन एम.एस., आणि मग योगायोगाने या खेळात शिरलो. वडिलांना अजूनही वाटतं की मी गोलकीपर वगैरे लोकांचं काहीतरी बघतो.

तर त्या शुक्रवारी सरावात आमच्या दोन नंबरच्या क्वार्टरबॅकचा, म्हणजे चाल सांगून चेंडू फेकणाऱ्या राखीव खेळाडूचा, अंगठा मोडला. चेंडू सोडल्यावर हात पुढे जातो, तो थेट त्याला वाचवायला पुढे उभ्या असलेल्या लाइनमनच्या हेल्मेटवर आदळला. या खेळात अंगावर दीडशे किलोची माणसं पडतात, आणि अंगठा मोडतो तो सरावात, कोणी हात न लावता. पहिल्याचा गुडघा आधीच कुरकुरत होता. म्हणजे हंगाम एका गुडघ्यावर उभा.

फोनवर बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे राखीव यष्टिरक्षक शोधताय."

"तसंच समजा."

"मग तो एरवी आठवडाभर करतो काय?"

प्रश्न अचूक होता. दुसरा क्वार्टरबॅक आठवडाभर रविवारच्या प्रतिस्पर्ध्याचं सोंग घेतो. समोरच्या संघाच्या चाली पत्त्यांवर काढलेल्या असतात, त्या बघून तो आमच्या बचावफळीला सराव देतो. आमच्या स्वतःच्या चालींचा सराव जवळजवळ सगळा पहिल्याच्या वाट्याला जातो. आठवडाभर शेजाऱ्याच्या घरचा स्वयंपाक करायचा, आणि रविवारी वेळ आलीच तर आपल्या पंगतीला वाढायचं. अशा माणसाचं मोल कशावरून ठरवायचं, हे माझ्या टेबलावर येतं.

आमच्या इमारतीत याबद्दल चार-पाच कथा हरिपाठासारख्या म्हटल्या जातात. 2011 मध्ये पेटन मॅनिंग या क्वार्टरबॅकच्या मानेची शस्त्रक्रिया झाली आणि इंडियानापोलिसचा हंगाम 2 विजय, 14 पराभवांवर संपला. 2017 च्या डिसेंबरात फिलाडेल्फियाच्या पहिल्या क्वार्टरबॅकचा, कार्सन वेंट्झचा, गुडघा गेला आणि राखीव निक फोल्सने संघाला सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, जिंकून दिला, पॅट्रियट्सविरुद्ध 41-33. 2020 मध्ये कोविडच्या नियमांमुळे डेन्व्हरचे सगळे क्वार्टरबॅक बाद झाले आणि केंडल हिंटन नावाच्या रिसीव्हरला, म्हणजे पास झेलणाऱ्याला, उभं करावं लागलं. नऊपैकी एक पास पोचला. जानेवारी 2023 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे दोघंही एकाच सामन्यात जायबंदी झाले, आणि त्यानंतर आणीबाणीच्या तिसऱ्या क्वार्टरबॅकचा, म्हणजे दोघंही गेले तर उतरवायच्या माणसाचा, नियम आला. ज्याला जे पटवायचं असेल त्याप्रमाणे तो यातली एक कथा काढतो. प्रत्येक बैठकीत फोल्स निघतो. हिंटन फक्त मी काढतो.

खरं तर आमच्याकडे तिसरा एक होता, सराव पथकातला, पहिल्याच वर्षाचा पोरगा. चाली तोंडपाठ, रविवारी त्यालाच गणवेश घालून बाकावर बसवलं होतं. पण पिकतं तिथं विकत नाही. त्याच्या चुका सगळ्यांनी रोज बघितल्या होत्या. बाहेरच्याच्या चुका फक्त फिल्ममध्ये असतात आणि फिल्म कधीही थांबवता येते.

सोमवारी रात्रीपर्यंत यादी दोघांवर आली. दोघंही 'स्ट्रीट फ्री एजंट', म्हणजे कुठल्याच संघात नसलेले. शब्दशः रस्त्यावरचे, पण पगार लाखो डॉलरांचा. पहिला तिशीच्या आतला, नीटनेटका. दुसरा वयाने मोठा, सहा-सात संघ फिरलेला, कुठेच न रुजलेला.

आता माझ्या तक्त्याबद्दल. थोडं सविस्तर सांगतो, कारण इथं मला अभिमानही आहे आणि चीडही. राखीव माणसाची अडचण ही की तो खेळलेलाच नसतो. चार वर्षांत दीडशे पास, त्यातले निम्मे ऑगस्टच्या सराव सामन्यांत, समोर उद्या काढून टाकली जाणारी पोरं. पासांची टक्केवारी असल्या नमुन्यावर निव्वळ वारा असते. म्हणून मी दोन-तीनच गोष्टी बघतो. चेंडू किती वेळ हातात धरतो. आणि दबाव आला की त्यातले किती वेळा जमिनीवर पडतो. लोकांना वाटतं क्वार्टरबॅक पाडला गेला तर दोष लाइनचा. बऱ्याचदा तो त्याचाच असतो, आणि ही खोड संघ बदलला तरी माणसासोबत जाते. मग हे आकडे मी सरासरीकडे ओढतो: नमुना जितका लहान, तितका ओढा जास्त. हे सगळं प्रामाणिकपणे केलं की बहुतेक राखीव क्वार्टरबॅक एकसारखे दिसू लागतात. या दोघांतला फरक आकड्यांतल्या संभाव्य चुकीच्या मर्यादेतच होता. मी तसा आलेख काढून पाठवला, एकमेकांवर चढलेल्या दोन टेकड्या.

उत्तर आलं: "टेकड्या नकोत. एक, दोन असं लिही."

लिहिलं. नीटनेटका एक, फिरस्ता दोन. आलेख समजून घ्यायला दहा मिनिटं लागतात, आणि आमच्या वरच्या साहेबांकडे कोट्यवधींच्या निर्णयासाठी ती नसतात. पण शेवटी 'एक, दोन' माझ्याच हातांनी टंकलं गेलं, हेही खरं.

मंगळवारी सकाळी सहाला दोघांची वैद्यकीय तपासणी. डॉक्टर गुडघे खेचतात, खांदे फिरवतात, जुन्या शस्त्रक्रियांचे व्रण मोजतात. बैल बाजारात दात बघतात त्याहून फारसं वेगळं नाही. मग मैदान. चेंडू फेकणं दोघांचंही सुरेख. इथवर पोचलेला कोणीही सुरेखच फेकतो, त्यावरून काही ठरत नाही. तरी काठावर उभे असलेले सगळे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, माना डोलावत होते.

मग क्वार्टरबॅकच्या प्रशिक्षकांनी एक वेगळंच काढलं. ते म्हणाले, हडल करूया. हडल म्हणजे चालीआधी खेळाडूंचं कोंडाळं. त्याला दहा माणसं लागतात आणि रिसीव्हर होते दोन. मग साहित्य सांभाळणारे दोघं, व्यायामवाला, एक शिकाऊ स्काउट, असे हाताला लागतील ते उभे केले. माझ्याकडे बघून म्हणाले, "तू लेफ्ट गार्ड."

लेफ्ट गार्ड म्हणजे क्वार्टरबॅकसमोरच्या पाच लाइनमनच्या रांगेतला डावीकडून दुसरा. माझी उंची पाच फूट सहा इंच. खऱ्या लेफ्ट गार्डच्या छातीशी माझं डोकं लागतं. उजव्या हातातला लॅपटॉप गवतावर ठेवला आणि गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिलो.

चाल कशी असते ते बाहेरच्याला कळणार नाही म्हणून सांगतो. "गन ट्रिप्स राइट, एफ लेफ्ट, टू जेट, झेड डिग, किल थर्टी-फोर झोन, ऑन टू." म्हणजे रचना, मग कोण सरकणार, मग लाइनने कुणाला अडवायचं, मग कोण कुठं धावणार, मग समोरची मांडणी वेगळी दिसली तर बदली चाल, आणि शेवटी चेंडू कितव्या हाकेला सुटणार. हे प्रशिक्षक हेल्मेटमधल्या स्पीकरवर एकदाच सांगतो. पुढच्या चालीसाठीचं चाळीस सेकंदांचं घड्याळ पंधरावर आलं की तो स्पीकर आपोआप बंद. 2023 मध्ये जॉश डॉब्स हा क्वार्टरबॅक 31 ऑक्टोबरला मिनेसोटाकडे आला आणि 5 नोव्हेंबरला अटलांटात उतरून जिंकला, तेव्हा प्रशिक्षक त्या पंधराव्या सेकंदापर्यंत त्याच्या कानात चाल फोडून सांगत होता. सहकाऱ्यांची नावंही त्याला धड माहीत नव्हती.

मला तक्त्यात कधीच न दिसलेली गोष्ट कोंडाळ्यात उभं राहिल्यावर कळली: त्या लांबलचक वाक्यातले दोनच शब्द लेफ्ट गार्डचे असतात. 'टू जेट' आणि 'ऑन टू'. बाकीचं त्याच्यासाठी रेल्वेच्या फलाटावरची घोषणा. आपली गाडी आली की कान टवकारायचे.

नीटनेटक्याने चाल म्हटली. एक शब्द चुकला नाही. पण पाढे म्हटल्यासारखी, एका लयीत, मान खाली. माझे दोन शब्द कधी येऊन गेले ते मला कळलंच नाही. सेंटरला, म्हणजे रांगेच्या मधोमध, उभ्या असलेल्या साहित्यवाल्याने चेंडू सोडला तेव्हा मी आधीच पाऊल टाकलेलं होतं.

फिरस्त्याने म्हटली ती अडखळत. 'डिग'च्या जागी आधी दुसरंच काही बोलला, स्वतःशी शिवी घातली, दुरुस्त केलं. पण 'टू जेट' म्हणताना थांबून आम्हा पाचजणांकडे वळला, आणि 'ऑन टू' दोनदा म्हणाला, दुसऱ्यांदा थेट माझ्या तोंडाकडे बघत. मी, लॅपटॉपवाला, पहिल्या हाकेला दगडासारखा थांबलो आणि दुसरीला सुटलो. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की मी कोणालातरी अडवू शकेन.

अकरा वाजता बैठक. फोल्स निघाला, अपेक्षेप्रमाणे. मग क्वार्टरबॅकचे प्रशिक्षक माझ्याकडे वळले. "तू कोंडाळ्यात होतास. दोघांतल्या कोणाचं ऐकून धावला असतास?"

मी म्हणालो, "माझा नमुना एका माणसाचा आहे, आणि तो माणूस लेफ्ट गार्ड नाही."

सगळे हसले. मीही हसलो. मग विचारणा झाली, तक्ता काय म्हणतो?

"पहिला."

वाक्य खरंच होतं. पण त्या टेकड्या एकमेकांवर चढलेल्या आहेत, हे त्या क्षणी तरी मी सांगायला हवं होतं, आणि दुसऱ्याने मला हाकेपर्यंत थांबवलं, हेही. नाही सांगितलं. त्या खोलीत मला आकड्यांसाठी पगार मिळतो. 'मला असं वाटलं' म्हणायला तिथं जुने खेळाडू भरपूर आहेत, आणि तेच इतके वर्षं बोलत आले म्हणून तर आमचा विभाग निघाला. माझी ही सबब मला अजून निम्मीच पटते.

दुपारी पहिल्याची सही झाली. दुसरा विमानतळाच्या गाडीत बसण्याआधी साहित्यवाल्यांच्या खोलीत जाऊन उसने घेतलेले बूट परत देऊन आला. पुढे तो दुसऱ्या एका संघाच्या सराव पथकात गेला, पण मैदानावर काही उतरला नाही.

आमच्या मूळच्या पहिल्या क्वार्टरबॅकचा गुडघा हंगामभर टिकला. नवा माणूस एकदाच उतरला, जिंकलेल्या सामन्याच्या शेवटी, घड्याळ संपवायला तीन वेळा गुडघा टेकण्यासाठी. अधिकृत नोंदीत त्याला धाव म्हणतात. तीन धावा, उणे तीन यार्ड. माझ्या तक्त्यात त्याच्या नावापुढे तेवढंच वाढलं.

जानेवारीत लॉकर रिकामे करायचा दिवस असतो. कचऱ्याच्या मोठ्या काळ्या पिशव्यांत सामान भरून कोट्यधीश लोक गाडीकडे जातात. नीटनेटका कॉफीच्या यंत्राशी थांबून मला म्हणाला, "तू तो लेफ्ट गार्ड ना?"

मला वाटलं नव्हतं त्याला आठवेल. मान डोलावली.

"तू 'वन'लाच सुटलास. मी 'टू' म्हटलं होतं."

"मला ऐकूच आलं नाही," मी म्हणालो.

"मी बघत होतो तुझ्याकडे," तो म्हणाला, आणि पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेऊन गेला.

त्या सकाळचं चित्रण आमच्या सर्व्हरवर आहे, मनोऱ्यावरून घेतलेलं, बिनआवाजी. त्या रात्री काढून बघितलं. पाचांच्या रांगेत डावीकडून दुसरा, बुटका, चेंडूच्या आधी हललेला माणूस स्पष्ट दिसतो. त्याआधीच्या कोंडाळ्यात नीटनेटक्याने टोपी घातलेली आहे. इतक्या वरून फक्त तिचा गोल दिसतो, आणि तिच्याखाली तो गवताकडे बघतोय की माझ्याकडे, ते कितीही मोठं केलं तरी कळत नाही.