वरच्या मजल्यावरचा श्रोता

2013 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये सिक्युरिटीला होतो, तेव्हा माझी ड्यूटी लागली ती एका संडासावर. पंक म्हणजे सत्तरच्या दशकातलं बंडखोर रॉक संगीत; त्याच्या फॅशनच्या प्रदर्शनात न्यूयॉर्कच्याच सीबीजीबी या संगीत क्लबचं 1975 च्या सुमाराचं स्वच्छतागृह, गिरगोट्या-डागांसकट, हुबेहूब उभं केलं होतं. पुढच्या दालनांत सेफ्टी पिना लावलेले भारी भारी गाऊन. गावी आईला फोनवर 'म्युझियममध्ये आहे' एवढंच सांगायचो.

येणाऱ्याजाणाऱ्यांचं ऐकून क्लबचा इतिहास मला पाठ झाला होता. हिली क्रिस्टलनं डिसेंबर 1973 मध्ये बावरी रस्त्यावर 315 नंबरला तो काढला, कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूज या अमेरिकी संगीतप्रकारांसाठी. नावातली अक्षरं त्यांचीच. वस्ती दारुड्यांची, बेघरांची. तिथं हे संगीत ऐकायला कोण येणार? आले ते टेलिव्हिजन, रमोन्स, ब्लाँडी, टॉकिंग हेड्स हे रॉक बँड आणि गायिका पॅटी स्मिथ. दुसऱ्यांची नव्हे, स्वतःची गाणी वाजवा, ही मालकाची अट. क्लब गाजला, ती माझ्या मते सगळी करामत त्या अटीची. 

एका दुपारी साठी उलटलेला एक माणूस तिथं बराच वेळ रेंगाळला. मला वाटलं, हात लावणार. जवळ गेलो तर म्हणाला, "फारच स्वच्छ केलंय हो. आणि कुत्रा कुठाय?" मालकाचा कुत्रा क्लबभर फिरायचा आणि वाटेल तिथं घाण करायचा, हे मी ऐकून होतो.

"तुम्ही वाजवायचात?" मी विचारलं.

"छे. मी वर राहायचो."

क्लबच्या डोक्यावर पॅलेस हॉटेल होतं. नाव पॅलेस, पण आत एका रात्रीच्या भाड्यानं मिळणाऱ्या खुराड्यासारख्या खोल्या. काम सुटलं, बायको गेली, म्हणून हा तिथं येऊन पडलेला. खाली तिकीट काढून जायची ऐपत नव्हती, पण फरशीतून सगळं वर यायचं. पुढं भाड्याचा वाद होऊन ऑक्टोबर 2006 मध्ये क्लब बंद पडला, तेव्हाचा घरमालक म्हणजे बेघरांसाठीच काम करणारी संस्था. लोक क्लबसाठी हळहळले. "वरच्यांसाठी कोण हळहळलं?" तो म्हणाला, पण रागानं नाही. क्लबच्या जागी पुढं उंची कपड्यांचं दुकान आलं, हे त्याला ठाऊक होतं. बाहेरून बघून आला होता. आत काही गेला नव्हता.

वॉकीटॉकीवर सुपरवायझरची खरखर सुरू झाली. एकाच पाहुण्याशी इतकं बोलत उभं राहणं बरं दिसत नव्हतं. तरी जाता जाता विचारलंच, त्यातलं आवडायचं कोण?

"टेलिव्हिजन," तो पटकन म्हणाला. रमोन्सचं गाणं दोन मिनिटांत संपायचं, की लगेच 'वन टू थ्री फोर' ओरडून पुढचं. डोळा लागायची सोयच नाही. टेलिव्हिजनवाले एकेक गिटार लांबवत न्यायचे, तेवढ्यात झोप लागायची.