मालवणात एकटीच

नवरा आणि पोरं तारकर्लीला डॉल्फिन बघायला गेली, मला बोट लागते म्हणून मी आज मालवणात एकटीच फिरले. आणि गंमत म्हणजे सकाळी दहाला मी बोटीतच बसलेली, कारण सिंधुदुर्ग न बघता परत गेले असते तर आईने घरात घेतलं नसतं 😄 दहा-पंधरा मिनिटांचाच प्रवास, डोळे मिटून काढला.

किल्ल्यावर राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवरायांचं देऊळ आहे तिथे बराच वेळ बसले. 1664 साली महाराजांनी काम सुरू केलं, चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी, मी वाकून बघितलं तर पाण्यात माझं तोंड आणि एक बेडूक.

दुपारी खानावळीत बांगड्याची कढी, त्यात तिरफळं, एक चुकून चावलं गेलं आणि जीभ पार बधिर, वाढणारी मावशी हसून म्हणाली "ता खावचा नसता गो" आणि न मागता सोलकढीची दुसरी वाटी ठेवून गेली. एकटी आहे म्हणून कोपऱ्यातलं पंख्याखालचं टेबलही मलाच.

बाजारात गुळाचं खाजं घेतलं, अर्धा किलो. संध्याकाळी किनाऱ्यावर रापण ओढताना बघत बसले, दोन्ही बाजूंनी माणसं दोर खेचतायत, तासभर तरी चाललं असेल, शेवटी जाळ्यात मूठभर तारली आणि ढीगभर प्लास्टिक. वाईट वाटलं.

पोरं आली तेव्हा खाजं पाव किलोच उरलं होतं.