किटकॅट काढून एमसीबी: खर्चाचा अंदाज कसा बांधायचा

जुन्या फ्लॅटचा फ्यूजबोर्ड बदलून किटकॅटच्या (तार बांधायच्या जुन्या फ्यूजच्या) जागी एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा, म्हणजे बंद होणारा स्विच) बसवायला किती लागतील, असं दोन वायरमनना विचारलं तर एक १५ हजार सांगतो, दुसरा ५० हजार. बहुतेक वेळा दोघंही खरंच बोलत असतात. पहिल्याने नुसता एमसीबींचा डबा मोजलेला असतो, दुसऱ्याने डब्याला येणारी आणि डब्यातून जाणारी वायरसुद्धा. म्हणून भाव विचारण्याआधी काम नेमकं किती आहे ते आपण कागदावर मांडावं.

उदाहरणादाखल १९८०-९० च्या सुमाराच्या इमारतीतला, तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके घेऊ. मीटर तळमजल्यावर, घरात लाकडी बोर्डावर चिनी मातीचे चार किटकॅट.

आधी लोड. दीड टनाचे दोन एसी प्रत्येकी १.७ किलोवॅट, दोन गिझर प्रत्येकी २, इंडक्शन २, मायक्रोवेव्ह १.२, पाणी तापवणारं वॉशिंग मशीन २, फ्रीज ०.२, दिवे-पंखे-टीव्ही मिळून ०.८. बेरीज १३.६ किलोवॅट. हा आकडा पाहून घाबरायचं कारण नाही, कारण हे सगळं एकाच वेळी कधीच चालत नाही. आपल्याकडे लोक उन्हाळ्यातल्या एसीची काळजी करतात, पण घराची खरी कसोटी लागते हिवाळ्यातल्या सकाळी सात वाजता. दोन्ही गिझर, इंडक्शन, वॉशिंग मशीन, वर फ्रीज आणि दिवे: ९ किलोवॅट, म्हणजे २३० व्होल्टला ३९ अँपिअर. उन्हाळ्याच्या रात्री दोन्ही एसी धरूनही साडेचार किलोवॅटच्या वर जात नाही. एका वेळी एकच गिझर लावायची शिस्त घरात असेल तर सकाळचा आकडा ७ किलोवॅट, साधारण ३० अँपिअरवर येतो. तेव्हा ४० अँपिअरचा सिंगल फेज मेन स्विच पुरतो, थ्री फेजच्या मागे लागायची गरज नाही.

आता सर्किटं. दिवे-पंख्यांची दोन, १० अँपिअरची. दोन एसी, दोन गिझर, वॉशिंग मशीन, इंडक्शन यांना प्रत्येकी एक. ओट्यावरच्या सॉकेटांना एक, फ्रीजला एक, इन्व्हर्टरला एक. एकूण ११ एमसीबी. एमसीबी किती पट करंटला लगेच पडणार हे त्याच्या कर्व्हवर ठरतं. दिव्यांना बी कर्व्ह चालतो. एसी, फ्रीज, वॉशिंग मशीनला सी कर्व्ह घ्या, कारण बी कर्व्ह तिप्पट ते पाचपट करंटला लगेच पडतो आणि कॉम्प्रेसर किंवा मोटर चालू होताना क्षणभर तेवढा करंट घेऊ शकते.

डब्याचा आकार इथेच ठरतो आणि इथेच गफलत होते. ११ सर्किटं म्हणून १२ वे, म्हणजे बारा घरांचा डीबी (एमसीबींचा डबा) आणला जातो आणि मग आरसीसीबीला (करंटची गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचला) जागाच उरत नाही. दोन पोलचा आरसीसीबी दोन घरं खातो. दिवे-फ्रीज-इन्व्हर्टरला एक आणि पाणी-उष्णतेच्या उपकरणांना व एसीला दुसरा, असे दोन आरसीसीबी घेतले तर ११ अधिक ४, म्हणजे १५ घरं. गिझर गळला तरी घर अंधारात जात नाही, म्हणून दोनच घ्यावेत असं आमचं मत. १६ वे घ्या, आणि ही संख्या मेन स्विच धरून आहे की सोडून, हे दुकानात विचारूनच पैसे द्या.

नावाजलेल्या कंपनीच्या मालाचे किरकोळ दुकानातले अंदाजे भाव असे धरता येतील: दोन दारांचा १६ वे डीबी २,००० ते ३,०००; ४० अँपिअर डबल पोल एमसीबी ८०० ते १,२००; ३० मिलिअँपिअरचे दोन आरसीसीबी ४,००० ते ६,०००; ११ एमसीबी मिळून २,००० ते ३,१००. लग आणि फेरूल (वायरीच्या टोकांना बसवायचे तुकडे), जादा न्यूट्रल लिंक (न्यूट्रल वायरी जोडायची पट्टी), आतल्या जोडण्यांची वायर, लेबलं यांना ८०० ते १,५००. मजुरी ३,००० ते ६,०००. म्हणजे नुसत्या डब्याचं काम साडेबारा ते एकवीस हजारांत बसतं. डबा भिंतीत बुजवायचा असेल तर झिरी, गवंडी, प्लास्टर आणि रंग वेगळे. आरसीसी कॉलमवर मात्र फोडाफोड करू देऊ नका, तिथे भिंतीवरचाच डबा बसवा.

मग ५० हजार कुठून येतात? वायरमधून. मीटरपासून घरापर्यंतची जुनी मेन वायर बऱ्याचदा ७/२० ची, म्हणजे २० गेजच्या सात तारांची असते. गेजचं हे माप म्हणजे जेमतेम साडेचार चौरस मिलिमीटर तांबं. त्यावर ४० अँपिअरचा एमसीबी बसवला तर एमसीबी शांत बसतो आणि वायर तापते. एमसीबी वायरीच्या रक्षणासाठी असतो. वारंवार पडतो म्हणून मोठा बसवणं हा या धंद्यातला सर्वांत महागडा स्वस्त उपाय. ४० अँपिअरला १० चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी. तिसरा मजला म्हणजे उभे ९ मीटर, जिना आणि पॅसेजमधून आडवे ८, दोन्ही टोकांना जोडणीसाठी राखलेले धरून २० मीटर. फेज आणि न्यूट्रल मिळून ४० मीटर, वर हिरवी अर्थ वायर २० मीटर. कॉइल ९० मीटरची येते आणि एकाच रंगाची, तेव्हा तीन कॉइल न घेता हवी तेवढीच लांबी कापून देणारं दुकान शोधा. वायरीचा भाव मुद्दाम देत नाही. तो तांब्याबरोबर हलतो. लांबी मोजून ठेवा आणि त्या दिवशीचा दर लावा.

घरातल्या वायरीचंही तेच. ३/२० म्हणजे साधारण २ चौरस मिलिमीटर, त्यावर १६ अँपिअरच्या वरचा एमसीबी लावू नये. ३/२२ आणि १/१८ जेमतेम १.२, ती दिव्यांपुरतीच. एसी आणि गिझरला नवीन ४ चौरस मिलिमीटर ओढावी. ॲल्युमिनियमची वायर निघाली तर ती तांब्याला नुसती पिळून जोडू नका. तो सांधा सैल होतो, तापतो आणि काळा पडतो. अशा घरात रिवायरिंगचाच हिशेब करा.

नवा आरसीसीबी बसवल्या दिवसापासून पडतो ही तक्रार हमखास येते, आणि दोष बहुधा आरसीसीबीचा नसतो. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का, एवढंच तो पाहतो. जुन्या घरात एका खोलीचा न्यूट्रल दुसऱ्या खोलीच्या दिव्याला उसना दिलेला असतो. किटकॅटला त्याचं काही नसतं, आरसीसीबी मात्र पडतो. इन्व्हर्टरचा फेज आरसीसीबीच्या आधी आणि न्यूट्रल नंतर घेतला असेल तरी तेच. दोन आरसीसीबी म्हणजे दोन वेगळ्या न्यूट्रल लिंक, आणि कुठला न्यूट्रल कुणाचा हे शोधण्यात वायरमनचा अर्धा दिवस जाऊ शकतो. तो अर्धा दिवस अंदाजपत्रकात वेगळा लिहून घ्या, नाहीतर सगळे न्यूट्रल एका पट्टीवर गोळा करून आरसीसीबी बायपास केलेला सापडतो.

दुसरं कारण ओल. पावसाळ्यात भिंतीतल्या जुन्या वायरीतून गळती वाढते आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ मिलिअँपिअर गळतीच्या पुढे कधीही पडू शकतो. यासाठी काम सुरू होण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरीचं इन्सुलेशन तपासायच्या यंत्राने) प्रत्येक सर्किट तपासून घ्या. एक मेगओहमच्या खाली येईल ते सर्किट बदलायच्या यादीत. ज्या वायरमनकडे मेगर नाही त्याचा अंदाज निम्मा हवेतला समजा.

अर्थिंग मल्टिमीटरवर ठीक दिसतं आणि भार टाकल्यावर कमी पडतं. म्हणून आरसीसीबी लावण्याआधी वायरमनकडून फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून पाहावं. मिणमिणला तर सोसायटीचा अर्थ पिट (अर्थिंगसाठी जमिनीत केलेला खड्डा) दुरुस्त करावा लागेल, आणि तो खर्च सगळ्या सभासदांत विभागायचा असतो.

कागदपत्रांत एकच गोष्ट: बिलावरचा मंजूर भार पाहा. १ किंवा २ किलोवॅट असेल तर वाढीव भाराचा अर्ज, त्याचं शुल्क आणि अनामत रकमेतला फरक धरा. मीटरच्या बाजूचं सील वीज कंपनीचं आहे, ते वायरमनने तोडायचं नाही. थ्री फेजचा विचार ७.४ किलोवॅटचा कार चार्जर येणार असेल तर करा. तो एकटाच ३२ अँपिअर घेतो. पण थ्री फेजला डीबी, मेन आणि आरसीसीबी सगळंच महागतं, शिवाय दर महिन्याचा स्थिर आकार बराच वाढतो.

कोटेशन मागताना डबा, मेन, घरातली वायर, तपासणी आणि गवंडीकाम असे पाच आकडे वेगळे मागा, १८ टक्के जीएसटी धरून की सोडून ते लिहून घ्या, आणि परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट त्यातच मागा. शेवटचे १० टक्के पैसे दोन्ही आरसीसीबींचं टेस्ट बटण दाबून आणि सकाळचा पूर्ण लोड अर्धा तास चालवून झाल्यावर द्या. त्यानंतर मेन बंद करून न्यूट्रल लिंकचे स्क्रू पुन्हा एकदा आवळून घ्या. नव्या वायरीवर ते बऱ्याचदा पाव फेरा फिरतात.