तुम्ही विचारलंत म्हणून: फोक मेटलचा एकच अल्बम

"फोक मेटल ऐकून बघायचंय, पण एकच अल्बम सांगा, लिस्ट नको" हे इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदाचं लिहूनच टाकतो. (फोक मेटल म्हणजे हेवी मेटल रॉकमध्ये लोकसंगीताच्या चाली आणि वाद्यं.) फिनलंडच्या टुरिसास बँडचा 'द व्हॅरेंजियन वे', २००७ चा. व्हॅरेंजियन म्हणजे पूर्वेकडे गेलेले वायकिंग. आठच गाणी, पाऊण तासाच्या आत संपतो, पण क्रमाने ऐकायचा, शफल लावलात तर माझ्याकडे तक्रार घेऊन येऊ नका.

मग लगेच पुढचं येतं, वायकिंग ना, म्हणजे समुद्र, शिंगवाली हेल्मेटं, लूटमार? नाही हो. शिंगं तर खऱ्या वायकिंगांनाही नव्हती. ही गोष्ट पूर्वेला गेलेल्यांची आहे, अकराव्या शतकातली. बाल्टिक ओलांडून लाडोगा, तिथून होल्मगार्ड म्हणजे नोव्हगोरोद, मग कीव, मग नीपर नदीने काळा समुद्र आणि शेवटी मिक्लागार्ड, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल, आजचं इस्तंबूल. बराचसा प्रवास नद्यांतून, आणि एक नदी संपली की दुसरीपर्यंत नाव चक्क जमिनीवरून ओढत न्यायची. दुसरं गाणं त्या ओढाओढीवरच आहे. मला हा अल्बम आवडतो तो त्यासाठीच, तलवारीपेक्षा वल्ह्यांचा घाम जास्त आहे ह्यात.

संगीतही मुक्कामाप्रमाणे बदलत जातं. तिसरं 'कर्स्ड बी आयर्न' सगळ्यात रागीट, लोखंडाला नुसते शिव्याशाप, त्याचं मूळ फिनिश महाकाव्य कालेवालात आहे. पुढे दोन गाण्यांनी यारिस्लाइफचा दरबार लागतो, म्हणजे कीवचा राजा यारोस्लाव, १०५४ मध्ये वारला तो, आणि तिथे व्हायोलिन आणि अकॉर्डियन असे काही सुटतात की वरातीत पेटलेला बँजोवाला आठवावा. आमच्या आईलाही एवढं एक गाणं चालतं, बाकीच्यांना "बंद कर ते".

पण माझं खरं गाणं सातवं, नीपरच्या खळाळांचं, म्हणजे नदी खडकांवरून उसळत जाते त्या जागांचं. कॉन्स्टँटिनोपलचा बायझंटाइन सम्राट सातवा कॉन्स्टंटाइन ह्याने दहाव्या शतकात मुलासाठी राज्यकारभाराचं एक पुस्तक लिहिलं, त्यात हे सातही खळाळ नावानिशी आहेत. पहिल्यापाशी माणसं कपडे काढून पाण्यात उतरायची आणि अनवाणी पायांनी तळाचे दगड चाचपत पुढे सरकायची, काहीजण काठ्यांनी नाव रेटायचे, का तर खडकावर आपटून फुटू नये. चौथा ऐफोर, तो तर इतका वाईट की नाव रिकामी करून काठाने ओढत नाहीतर खांद्यावर घेऊन जायची, आणि पेचेनेग ह्या भटक्या, लढाऊ लोकांच्या टोळ्या टपलेल्याच. ९७२ मध्ये कीवचा राजा स्व्यातोस्लाव ह्याच खळाळांपाशी त्यांच्या हातून मेला. त्याच वर्णनात साखळदंडातल्या गुलामांना सहा मैल चालवत नेतात असंही आहे, कारण गुलाम हा ह्या लोकांचा मोठा माल होता. अल्बममध्ये हे गुलाम मला तरी कुठे ऐकू आले नाहीत, सगळे वीर आणि सगळे मित्रच. हे खटकतं, आणि कोरस सुरू झाला की आवाज तरी वाढवतोच. (खळाळ आता बघायला मिळत नाहीत, १९३२ मध्ये धरण झालं, बुडाले.)

शेवटचं 'मिक्लागार्ड ओव्हर्चर' आठ मिनिटांच्या वर, कोरस, ब्रास, सगळा थाटमाट. काहींना फार फिल्मी वाटतं, मला वाटतं एवढं वल्हवून आल्यावर तेवढा थाट हवाच. खरोखर पोचलेल्यांपैकी बरेचजण सम्राटाच्या व्हॅरेंजियन गार्डमध्ये नोकरीला लागायचे, ते दल दुसऱ्या बेसिलने ९८८ च्या सुमारास उभं केलं. तिथल्या हागिया सोफिया ह्या मोठ्या चर्चच्या वरच्या सज्जात संगमरवरी कठड्यावर कुणीतरी वायकिंगांच्या रून लिपीत हाल्फदान असं नाव कोरलंय, बाकीचं झिजून गेलंय. प्रार्थना लांबल्यावर कंटाळला असणार.

पुढची गोष्ट हवी असेल तर २०११ चा 'स्टँड अप अँड फाइट' आहे, शहरात पोचल्यानंतरची, रथांच्या शर्यतीवरसुद्धा गाणं आहे. पण तो मला जरा गुळगुळीत वाटतो, आधी हाच ऐका, आणि हेडफोन लावून.