सिंगापुरात आपण नेमके कोणत्या रकान्यात?

भारतातून फोन आला की एक प्रश्न ठरलेला असतो. "तिथे आपल्या लोकांना काही त्रास नाही ना गं?" विचारणाऱ्या बहुतेक सासूबाई, कधी मावशी, कधी शाळेतली मैत्रीण. "नाही हो, इथे सगळे गुण्यागोविंदाने राहतात" असं मी सांगते आणि ते खोटंही नाही. फक्त त्या "सगळे"मध्ये आम्ही धरले जातो का, हे मला इतकी वर्षं इथे राहूनही ठामपणे सांगता येत नाही.

सिंगापूर वंशाबद्दल संकोच बाळगत नाही. नागरिकांच्या ओळखपत्रावर वंश छापलेला असतो. चिनी, मलय, भारतीय आणि इतर, असे चार रकाने. २०२० च्या जनगणनेत चिनी ७४ टक्के, मलय साडेतेरा, भारतीय नऊ आणि उरलेले तीन-सव्वातीन. राष्ट्रगीत मलय भाषेत, कारभार इंग्रजीत, शाळेत प्रत्येकाला आपापल्या रकान्याची भाषा. माझा मुलगा हिंदी शिकतो. तमिळखेरीज हिंदी, पंजाबी, बंगाली, गुजराती आणि उर्दू एवढ्या भारतीय भाषांची सोय आहे, त्यात मराठी नाही. म्हणजे घरात मराठी बोलणारा, शाळेत "मातृभाषा" म्हणून हिंदीचा पेपर देणारा आणि मैदानावर इथल्या इंग्रजीत "कॅन लाह", म्हणजे "जमेल की", म्हणणारा एक प्राणी आमच्याकडे वाढतो आहे.

हे रकाने हौसेखातर आखलेले नाहीत. १९६४ मध्ये इथे चिनी आणि मलय लोकांत दोनदा दंगली झाल्या, छत्तीस माणसं गेली. पुढच्याच वर्षी देश स्वतंत्र झाला, आणि पुन्हा असं होऊ द्यायचं नाही ही भीती राज्यकर्त्यांच्या हाडात बसली. पहिली दंगल २१ जुलैची. आता त्याच तारखेच्या सुमारास शाळांत वंशसलोखा दिन असतो, मुलं एकमेकांचे पोशाख घालून जातात. पण खरं काम पोशाखांनी केलेलं नाही, ते केलंय घरांनी. इथली पाऊण-एक जनता सरकारी इमारतींमध्ये, म्हणजे एचडीबीच्या फ्लॅटमध्ये राहते, आणि १९८९ पासून प्रत्येक इमारतीत कोणत्या वंशाचे किती टक्के राहू शकतात याला मर्यादा आहे. चिनी ८७ टक्क्यांपर्यंत, मलय २५, भारतीय व इतर मिळून १५. मर्यादा भरली की त्या वंशाच्या नव्या माणसाला दुसऱ्या वंशाच्या माणसाचा फ्लॅट विकत घेता येत नाही.

आपल्याकडे असा कायदा आणायचं नुसतं कुणी म्हटलं तर काय होईल, याची कल्पना करून बघा. इथे मात्र लोक तो निमूटपणे पाळतात. याची किंमत अल्पसंख्याकांना जास्त मोजावी लागते. मलय किंवा भारतीय माणसाला घर विकायचं झालं आणि इमारतीतला चिनी कोटा भरलेला असला, तर सगळ्यात मोठं गिऱ्हाईकच बाद होतं आणि भाव पडतो. २०२२ मध्ये सरकारने अशा अडकलेल्या काही घरमालकांचे फ्लॅट स्वतः विकत घ्यायची तयारी दाखवली, म्हणजे अडचण त्यांनाही मान्य होती. तरीही मजल्यावरच्या मोकळ्या पॅसेजमध्ये एका दाराबाहेर उदबत्त्या खोवलेली लाल देवळी, पलीकडे आंब्याचं तोरण आणि तिसऱ्या दाराशी ईदच्या वेळी लखलखणारे दिवे, हे दृश्य रोज बघितलं की मला तो कायदा पटतो. माणसं आपणहून मिसळतात यावर माझा फारसा विश्वास नाही. आमच्या डोंबिवलीच्या गल्लीत कोण कुठे राहतं ते मी बघितलेलं आहे.

कोट्याची ही शिस्त भाड्याच्या घराच्या दारात मात्र संपते. आम्ही घर शोधत होतो तेव्हा एजंटचा व्हॉट्सअ‍ॅप निरोप यायचा, "प्लीज प्रोफाइल पाठवा." प्रोफाइल म्हणजे राष्ट्रीयत्व, वंश, कामाचा परवाना म्हणजे पास कोणता, माणसं किती आणि शेवटी स्वयंपाक लाइट की हेवी. लाइट म्हणजे नूडल्स, उकडलेली अंडी, फार तर भात. फोडणी टाकली की हेवी. मी खरं लिहायची, आणि बऱ्याचदा दहा मिनिटांत उत्तर यायचं, "सॉरी, ओनरला इंडियन नको आहेत." सोबत हात जोडलेली इमोजी. कुणी रागाने बोललं नाही, कुणी अपमान केला नाही. मेन्यू कार्डातला पदार्थ संपला म्हणून सांगावं इतक्या सहज ते सांगितलं जायचं. जाहिरातीत असं लिहू नये अशी एजंटांना समज दिलेली आहे, त्यामुळे जाहिरात स्वच्छ असते आणि नकार फोनवर येतो. मुंबईत मांसमच्छी खाता म्हणून मराठी कुटुंबाला जागा नाकारणाऱ्या सोसायट्या आठवल्या, आणि पहिल्यांदा त्या दाराच्या बाहेर उभं राहून कसं वाटतं ते कळलं.

गंमत म्हणजे याच देशाने एकदा करीसाठी मोहीम काढली होती. चीनहून नव्याने आलेल्या एका कुटुंबाने शेजारच्या भारतीय वंशाच्या सिंगापुरी कुटुंबाच्या करीच्या वासाची तक्रार केली. मध्यस्थीत तोडगा असा निघाला की चिनी शेजारी घरात नसतील तेव्हाच करी शिजवायची. प्रकरण काही वर्षांपूर्वीचं होतं, पण २०११ मध्ये ते वर्तमानपत्रात आलं आणि लोक भडकले. २१ ऑगस्टला करी शिजवायची हाक फेसबुकवरून दिली गेली आणि हजारो घरांतून करी शिजली. त्यात चिनी सिंगापुरी भरपूर होते. फिश हेड करी इथे ते जितक्या चवीने खातात तितक्या चवीने आम्हीही खात नसू. केरळी स्वयंपाक्याच्या हातची आणि चिनी गिऱ्हाइकांच्या आवडीची ती माशाच्या डोक्याची करी इथलीच आहे.

हे दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले की मला इथला हिशेब थोडा समजतो. २०११ मध्ये चिनी वंशाची माणसं चिनी वंशाच्या तक्रारदारावर उलटली, कारण तक्रारदार नवा होता आणि करी शिजवणारा आपला. आणि मी, त्याच करीवाल्यांच्या रकान्यात बसणारी, भाडेकरू म्हणून नको असते, कारण मी नवी. इथे जुनी विविधता हा घरचा दागिना आहे. नव्या माणसांना मात्र वेगळ्या काट्यावर तोललं जातं.

हे मला सगळ्यात स्पष्टपणे सांगितलं ते आमच्या शेजारच्या तमिळ आंटींनी. इथे वयाने मोठी कोणतीही बाई आंटीच असते. त्यांचे आजोबा रबराच्या मळ्यात कामाला आले, त्या स्वतः इथे जन्मल्या, ओळखपत्रावर "इंडियन". दिवाळीला चकलीसारखा मुरुक्कू देतात, माझ्या मुलाला दामटून तमिळ शिकवायचा प्रयत्न करतात. आणि एका संध्याकाळी लिफ्टपाशी शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही इंडियन लोक फार मोठ्याने बोलता. आमच्याकडे असं नसतं." मी हसून विचारलं, "आंटी, आमच्याकडे म्हणजे?" तर म्हणाल्या, "सिंगापुरात."

त्यांचा राग आवाजापुरता नाही. २००५ मध्ये भारत आणि सिंगापूर यांच्यात आर्थिक सहकार्याचा करार झाला, त्याचं आद्याक्षरी नाव "सीका". पुढे हे नाव आपल्यासारख्यांसाठी शिवी म्हणून वापरलं जाऊ लागलं. चांगी बिझनेस पार्कला टोमण्याने "चेन्नई बिझनेस पार्क" म्हणतात. कंपन्यांमध्ये भारतीय मॅनेजर भारतीयांनाच घेतो, आमच्या मुलांना नोकऱ्या मिळत नाहीत, ही तक्रार इतकी वाढली की २०२१ मध्ये संसदेत तासन् तास चर्चा झाली. सरकारने आकडे मांडले. वरच्या पगाराच्या एम्प्लॉयमेंट पासवर असलेल्यांत भारतीयांचं प्रमाण २००५ मध्ये १४ टक्के होतं, २०२० मध्ये २६ झालं. पण करारातल्या कंपनी-बदलीच्या तरतुदीने आलेले भारतीय २०२० मध्ये जेमतेम पाचशे. म्हणजे करारावरचा आरोप चुकीचा, पण माणसं वाढल्याचं निरीक्षण अगदी बरोबर. २०२३ पासून पास देताना गुण मोजतात, त्यात कंपनीत एकाच देशाची गर्दी आहे का हेही बघितलं जातं. मला तो नियम जाचक वाटत नाही. आमच्या आधीच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर एकटा चिनी मुलगा आणि बाकी सगळे हिंदीत गप्पा मारणारे, हे मी पाहिलेलं आहे.

पण त्या काट्यावर कुणाला घालायचं ते नेहमी तपासून ठरत नाही. त्याच २०२१ मध्ये मे महिन्यात चोआ चू कांग भागात भरभर चालत जाणाऱ्या एका पंचावन्न वर्षांच्या बाईला वंशावरून शिव्या देऊन एकाने छातीत लाथ मारली. पुढे तो दोषी ठरला. त्या बाई भारतीय वंशाच्या खऱ्या, पण सिंगापूरच्याच नागरिक. आंटी त्या दिवसांत बाजारातून लवकर परतायच्या. "आता माझ्याकडेही तुमच्याकडे बघतात तसं बघतात," म्हणाल्या. त्यात माझ्यावर थोडा ठपका होता, आणि तो मला पूर्ण अन्यायाचा वाटला नाही.

आपली मंडळीही काही धुतल्या तांदळासारखी नाहीत. इमारती बांधणारे, रस्ते खोदणारे तमिळनाडू आणि बांगलादेशचे कामगार रविवारी लिटल इंडिया या भारतीय दुकानांच्या भागात जमतात. २०१३ च्या डिसेंबरमध्ये तिथे बसखाली एक भारतीय कामगार गेला आणि दंगल पेटली, चाळीसहून अधिक वर्षांत असं घडलं नव्हतं. त्याआधी २००८ मध्ये सेरंगून गार्डन्सच्या रहिवाशांनी आपल्याजवळ कामगारांची वसतिगृहं नकोत म्हणून सह्या गोळा केल्या होत्या. हे सगळं ऐकून हळहळणारे आमचे मराठी मित्र "रविवारी टेक्का मार्केट नको, फार गर्दी" असं त्याच भागातल्या बाजाराबद्दल सहज म्हणतात. कुणाची गर्दी ते सगळ्यांना कळतं. हे कामगार उघड्या लॉरीच्या मागे बसून कामावर जातात, त्यांच्याशी आपलं काही नातं आहे असं कुणालाच वाटत नाही.

२०१९ मध्ये इथल्या एका ज्येष्ठ मंत्र्याने सांगितलं होतं की जुनी पिढी चिनी नसलेला पंतप्रधान स्वीकारायला तयार नाही. मग २०२३ मध्ये तमिळ वंशाचे थर्मन षण्मुगरत्नम राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले, सत्तर टक्के मतं घेऊन. दोन्ही गोष्टी एकाच देशातल्या. आंटींनी थर्मनना मत दिलं. मी अभिनंदन केलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तो इथला आहे. सैन्यात गेलेल्या पोरांच्या देशातला."

सैन्याचा हा मुद्दा इथे दर दुसऱ्या बोलण्यात येतो. १९६७ पासून इथल्या प्रत्येक मुलाला लष्करी सेवा सक्तीची, सध्या दोन वर्षं, आणि नंतर कित्येक वर्षं बोलावणं आलं की नोकरी सोडून हजर व्हायचं. आंटींचे दोन्ही मुलगे गेले. त्यांचं म्हणणं, तुमची मुलं त्या वेळात पदवी घेऊन नोकरीला लागतात आणि मग आमच्या मुलांशी स्पर्धा करतात. यावर माझ्याकडे उत्तर नाही. वासाची तक्रार मला अमान्य आहे, पण ही रास्त आहे.

आम्ही आता कायम वास्तव्याचा, पीआरचा अर्ज करायचा का यावर घरात वाद घालतोय. पीआर मिळालं तर मुलाला अठराव्या वर्षी गणवेश चढवावा लागेल, आणि सेवा टाळून पीआर सोडलं तर पुढे इथे शिकायला किंवा नोकरीला यायची वाट अवघड होते. नवरा म्हणतो, दोन वर्षं वाया. सासूबाई म्हणतात, बंदूक कशाला हवी पोराच्या हातात. मुलाला विचारलं तर त्याच्या वर्गातला मलय मित्र आणि तो एकाच तुकडीत जाऊ शकतील का, एवढंच त्याला जाणून घ्यायचं आहे. मी अर्ज करायच्या बाजूने आहे. नवऱ्याला अजून पटवायचं आहे.