वारसदाराचा रकाना

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतील ज्या मशीन शॉपमध्ये मी तपासणी विभागात काम करतो, तिथे दोन वर्षांपूर्वी कामाचा ओघ आटला आणि दोन पाळ्यांची एकच पाळी झाली. ओव्हरटाइम बंद झाला. दुचाकीचा हप्ता आणि मुलीच्या शाळेची फी एकाच महिन्यात समोर उभी राहिली. त्या दिवसांत शिवाजी पेठेतील आमच्या गल्लीतला एक मुलगा मला म्हणाला, "दादा, अहमदाबादला स्टडी असत्यात. दोन-दोन दिवस दोनदा राहायचं, गोळी खायची, रक्त द्यायचं. अकरा हजार मिळत्यात. मी तीनदा जाऊन आलोय, मला काय झालंय?" त्याला खरोखरच काही झालेले नव्हते, आणि मला त्या वेळी तेवढा पुरावा पुरेसा वाटला.

त्याने मला एका एजंटचा नंबर दिला. एजंटने फोनवर वय, वजन आणि कोणती औषधे चालू आहेत का, एवढे विचारले. मी छत्तीस वर्षांचा, निर्व्यसनी आणि धडधाकट होतो. बोलण्याच्या ओघात मी सांगितले की, पाच आठवड्यांपूर्वी तालमीच्या शिबिरात मी रक्तदान केले आहे. त्यावर तो थोडा थांबला आणि म्हणाला की, तिथे हे विचारतील, तेव्हा नाही म्हणून सांगायचे, नाहीतर भाडे खर्चून हात हलवत परत यावे लागेल. मी होकार दिला. पुढे जे घडले त्याचे मूळ त्या होकारात आहे, म्हणून ते आधी सांगितले.

हा अभ्यास नेमका कशाचा होता, हे मला तिथे गेल्यावर समजले. रक्तदाबावरचे एक जुने औषध दुसऱ्या कंपनीने बनवले होते आणि ते मूळ औषधाइतकेच आणि त्याच गतीने रक्तात उतरते का, एवढेच पाहायचे होते. याला जैवसमतुल्यता चाचणी म्हणतात. मुले तिला नुसते 'बीई' म्हणतात. निरोगी माणसांना एकदा एक गोळी आणि काही दिवसांच्या अंतराने दुसरी गोळी द्यायची, ठरलेल्या वेळी रक्त काढायचे, आणि दोन्ही गोळ्यांची तुलना ८० ते १२५ टक्क्यांच्या पट्ट्यात बसते का हे गणिताने तपासायचे, अशी ही पद्धत आहे. माझे वडील रोज सकाळी रक्तदाबाची जी स्वस्त गोळी घेतात, ती बाजारात येण्यापूर्वी कोणीतरी अनोळखी माणसे अशीच कुठेतरी नंबर लावून बसली असणार. हे काम हलके किंवा लाजिरवाणे आहे असे मला तेव्हा वाटले नाही आणि आजही वाटत नाही.

आधी तपासणी झाली. ईसीजी, छातीचा एक्स-रे, लघवी, रक्त, कावीळ आणि एचआयव्ही. हिमोग्लोबिन १२.९ निघाले, म्हणजे काठावरच. डॉक्टरांनी विचारले, "गेल्या तीन महिन्यांत रक्तदान केले आहे का? दुसऱ्या कुठल्या अभ्यासात भाग घेतला होता का?" मी दोन्ही प्रश्नांना नाही म्हणालो. दुसरे उत्तर खरे होते, पहिले खोटे होते. माझ्या रोजच्या कामात मी मायक्रोमीटरने कास्टिंगची मापे घेतो, आणि चुकीचे माप नोंदवून पुढे पाठवलेला नग कुठे जाऊन मोडेल हे सांगता येत नाही, हे मी नव्या मुलांना शिकवतो. त्या खुर्चीवर बसल्यावर मला त्यातले काहीही आठवले नाही.

सहमतीपत्र हिंदीत होते आणि चौदा पानांचे होते. एका गृहस्थांनी पंधरा-वीस जणांना एकत्र बसवून ते वाचून दाखवले आणि शंका विचारा असे अनेकदा सांगितले. त्यांच्या वागण्यात मला कुठे घाई दिसली नाही. घाई आमच्यात होती. शेजारचा मुलगा सही कुठे करायची तेवढे शोधत होता, आणि मी पैशांचे पान शोधत होतो. अकरा हजारांपैकी तीन हजार पहिल्या फेरीनंतर आणि उरलेले आठ हजार दुसरी फेरी व शेवटची तपासणी पूर्ण झाल्यावर, असे तिथे लिहिले होते. स्वेच्छेने किंवा वैद्यकीय कारणाने मध्येच बाहेर पडल्यास सहभागाच्या प्रमाणात रक्कम मिळेल, असेही त्याच पानावर होते, पण ते वाक्य मी त्या दिवशी नीट वाचले नाही.

शेवटच्या पानावर माझा पत्ता, शिक्षण, व्यवसाय आणि वार्षिक उत्पन्न लिहायचे होते, आणि त्याखाली एक रकाना होता: वारसदाराचे नाव, पत्ता आणि नाते. अभ्यासामुळे मृत्यू झाल्यास भरपाई कोणाला द्यायची, त्यासाठी तो असतो. २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्या नियमांत या भरपाईचे सूत्र दिलेले आहे. आठ लाख ही मूळ रक्कम, तिला वयाचा गुणक आणि जोखमीचा गुणक लावायचा. जोखमीचा गुणक अखेरच्या अवस्थेतील रुग्णासाठी अर्धा असतो आणि निरोगी स्वयंसेवकासाठी चार, म्हणजे सर्वांत जास्त. हे सगळे मी नंतर वाचले. त्या वेळी मी रकान्यात पत्नीचे नाव घातले, नात्यापुढे 'पत्नी' लिहिले, आणि पेन पुढच्या माणसाला दिले. हे सगळे अर्ध्या मिनिटात आटोपले.

आदल्या संध्याकाळी आम्हाला आत घेतले. सर्वांना एकाच रंगाचे कपडे आणि छातीवर नंबर, माझा सतरा. रात्रीच्या जेवणानंतर दहा तास उपाशी राहायचे होते. पहाटे हातात कॅन्युला, म्हणजे रक्त काढण्यासाठी शिरेत ठेवायची बारीक नळी, बसवली. मग एकेकाला दोन-दोन मिनिटांच्या अंतराने बोलावून २४० मिलिलिटर पाण्याबरोबर गोळी दिली आणि बॅटरी व पट्टीने तोंड तपासले. त्यानंतर पहिले काही तास आडवे व्हायचे नाही, टेकून बसायचे. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत एक सिस्टर नंबर पुकारत होती आणि तंतोतंत त्या मिनिटाला जांभळ्या टोपणाची नळी भरून घेत होती. कॅन्युलात साचलेले पहिले थोडे रक्त ती फेकून देत असे आणि मगच नळी लावत असे. प्रत्येक फेरीत अशा वीसएक नळ्या भरायच्या होत्या. इतके काटेकोर काम मी आमच्या कारखान्यातही क्वचितच पाहिले आहे.

दुसऱ्या तासाला मला डोके हलके झाल्यासारखे वाटू लागले. कानात गुंई असा आवाज सुरू झाला. सिस्टरने विचारले, "सतरा नंबर, काही त्रास?" मी म्हणालो, "नाही." त्या क्षणी माझ्या मनात काय होते ते मला स्पष्ट आठवते. त्रास सांगितला तर बाहेर काढतील आणि आठ हजार जातील, हा एकच विचार होता. तिसऱ्या तासानंतर लघवीला जाण्यासाठी उठलो, दोन पावले टाकली आणि समोरची भिंत काळी झाली. शेजारच्या मुलाने आणि मदतनिसाने मला धरले, म्हणून डोके फरशीवर आपटले नाही. रक्तदाब ८४/५२ होता. पाय उंच करून झोपवले, सलाईन लावले. डॉक्टर धावत आले आणि मी भानावर आल्यावर त्यांनी शांतपणे रक्तदानाचा तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी मी खरे सांगितले.

ते रागावले नाहीत. त्यांनी लिहून घेतले आणि म्हणाले, "आधी सांगितले असते तर मी तुम्हाला घेतलेच नसते. आता तुमचे आकडेही वापरता येणार नाहीत." माझा सहभाग तिथेच थांबवण्यात आला. रात्रभर दर तासाला रक्तदाब बघितला आणि दुसऱ्या दिवशी सोडले. ही घटना गंभीर वर्गात मोडणारी नव्हती. गंभीर असती तर नियमानुसार चोवीस तासांत सरकारी नियंत्रक, प्रायोजक कंपनी आणि सहभागी माणसांच्या हक्कांवर व सुरक्षिततेवर लक्ष ठेवणारी एथिक्स कमिटी यांना कळवणे बंधनकारक होते.

बाहेर आल्यावर एजंट म्हणाला की, मध्येच बाहेर पडलेल्याला दमडीही मिळत नाही, आणि मुख्य म्हणजे खोटे बोलल्याबद्दल आता गप्प बसण्यातच माझे हित आहे. मी जवळजवळ मानले होते. परतीच्या गाडीत मात्र मी सहमतीपत्राची प्रत पहिल्यांदा पहिल्या पानापासून वाचली. ही प्रत आपल्याला मिळायलाच हवी, तो आपला हक्क आहे, आणि तिच्यात तपासणाऱ्या डॉक्टरांबरोबरच एथिक्स कमिटीचाही संपर्क असतो. कोल्हापूरला उतरल्यावर दोन दिवसांनी मी त्या नंबरवर फोन केला. कमिटीच्या सदस्य-सचिवांनी लेखी पाठवायला सांगितले. मी रक्तदानाची गोष्ट न लपवता सगळे लिहिले, आणि पूर्ण रक्कम नव्हे, तर मी जितके दिवस तिथे होतो त्यांच्या प्रमाणात जी होते तेवढीच मागितली. अकरा दिवसांनी माझ्या खात्यात तीन हजार चारशे रुपये जमा झाले. दरम्यान सीपीआर या इथल्या सरकारी रुग्णालयात रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ११.८ होते, ते भरून यायला दोन महिने गेले.

त्या पत्रात मी आणखी एक मुद्दा लिहिला होता आणि तो मला पैशांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. अशा अभ्यासांत जास्त पैसे दिले तर गरजू माणूस आमिषाला बळी पडतो, असे म्हटले जाते, आणि म्हणून ही रक्कम एथिक्स कमिटीने तपासायची असते. परंतु रक्कम कमी केल्याने गरजू माणूस येणे थांबत नाही. त्याच्याहून अधिक गरजू माणूस येतो. धोका रकमेच्या आकड्यापेक्षा ती कधी दिली जाते यात आहे. मोठा हिस्सा शेवटच्या दिवसापर्यंत अडवून ठेवला की 'केव्हाही बाहेर पडण्याचा हक्क' कागदावर राहतो आणि बाकावर बसलेला माणूस चक्कर आली तरी नाही म्हणतो. मीही तसेच म्हणालो. माझ्याकडून वैज्ञानिक माहितीही बिघडली आणि माझा जीवही धोक्यात आला, आणि दोन्हींचे कारण एकच होते. दर दिवसाचे पैसे त्या दिवशीच हिशेबात धरले जातील आणि वैद्यकीय कारणाने थांबवल्यास पूर्ण मोबदला मिळेल, हे वाचून दाखवताना पहिल्याच पाच मिनिटांत सांगितले असते, तर दुसऱ्या तासाला मी तोंड उघडले असते.

जुन्या औषधाची बीई आणि माणसाला पहिल्यांदाच दिले जाणारे नवे औषध यांत मोठा फरक आहे, हेही मी नंतर समजून घेतले. मार्च २००६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात टीजीएन १४१२ हे औषध सहा निरोगी तरुणांना थोड्या थोड्या मिनिटांच्या अंतराने दिले गेले. पहिल्याला त्रास सुरू होईपर्यंत बाकीच्यांच्या शरीरात औषध गेलेले होते आणि सहाही जण अतिदक्षता विभागात पोहोचले. ते सर्व वाचले. जानेवारी २०१६ मध्ये फ्रान्समधील रेन शहरात एका स्वयंसेवकाला रविवारी संध्याकाळी रुग्णालयात न्यावे लागले, तरी सोमवारी सकाळी त्याच्या गटातील इतरांना पुढचा डोस देण्यात आला. तो पहिला स्वयंसेवक दगावला. इतरांनी आधी होकार दिलेलाच होता. पण रविवारी काय घडले हे त्यांना डोसपूर्वी सांगितले गेले नव्हते. मला दोन मिनिटांच्या अंतराने मिळालेली गोळी आणि माझी अर्ध्या मिनिटाची सही हे दोन्ही मला हे वाचताना पुन्हा दिसले.

पत्नीला मी सुरुवातीला एवढेच सांगितले होते की, कंपनीच्या कामासाठी बाहेरगावी जातो आहे. परत आल्यावर तिने बॅगेतून कपडे काढताना सहमतीपत्राची प्रत पाहिली. हिंदी ती सावकाश वाचते. शेवटच्या पानावर येऊन ती थांबली आणि म्हणाली, "अहो, वारसदार म्हणून माझं नाव घातलंत. मला विचारलंत का?" माझ्याकडे उत्तर नव्हते. तिने ती प्रत रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवली आहे.

मागच्या दसऱ्याच्या आधी गल्लीतला दुसरा एक मुलगा माझ्याकडे आला; त्याला त्याच एजंटचा फोन आला होता आणि मला काय झाले हे त्याने ऐकले होते. मी त्याला जा किंवा जाऊ नको असे सांगितले नाही. पिशवीतून ती चौदा पाने काढून त्याच्या हातात दिली आणि मोठ्याने वाचायला सांगितले. पैशांच्या पानावर तो दोनदा थांबला, दोनदा मागे गेला. वारसदाराच्या रकान्यापाशी आल्यावर त्याने कागद मांडीवर ठेवला, खिशातून मोबाइल काढला आणि आमच्या उंबऱ्यावर बसूनच आईला फोन लावला.