स्पीड पूर्ण, तरी पान उघडेना

ग्राहक सांगतो, "नेट येतं-जातं." आपला माणूस जातो. ओएनटीवरचे (फायबर घरात जिथे जोडतात त्या डब्यावरचे) दिवे हिरवे, फायबरमधल्या प्रकाशाची पॉवर मोजली तर उणे १९-२० डीबीएम, म्हणजे ठीक, स्पीड टेस्टला प्लॅनचे १०० एमबीपीएस पुरे. तक्रार बंद. सांगलीत फायबरची कामं करताना हे मी सतत पाहतो आणि ते मला मनापासून खटकतं. अशा बंद केलेल्या काही तक्रारींत ग्राहकाचा शब्द न् शब्द खरा असतो. विश्रामबागच्या एका काकूंची केस मी नव्या पोरांना म्हणूनच आवर्जून सांगतो.

काकू निवृत्त शिक्षिका. सकाळी लॅपटॉपसमोर बसून अमेरिकेतल्या मराठी घरांतल्या मुलांना मराठी शिकवतात. तिकडे तेव्हा आदली संध्याकाळ असते. त्यांच्याकडे आधी पॅच कॉर्ड (ओएनटीला जोडणारी फायबरची छोटी तार) बदलून झाली होती, खांबावरचा जोड नव्याने मारून झाला होता, ओएनटीही बदलला होता. तरी तक्रार पुन्हा यायची. "त्या बाईंना सवयच आहे" असं ऑफिसात कुणीतरी म्हणालं, तेव्हा मी ते काम मागून घेतलं.

गेल्या गेल्या काकूंनी एक वही पुढे ठेवली. तारीख-वार घालून नोंदी. तास सुरू असताना कॉल एकदाही अडकला नाही, पण त्याच वेळी गृहपाठाची फाईल चढवायची साइट उघडेना. बँकेचं पान पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा लगेच. टीव्हीवर मालिका सुरू व्हायला वेळ लागतो, एकदा लागली की थांबत नाही. मोबाईलवर सगळं नीट.

"काकू, ही वही आधी कुणाला दाखवलीत?"

"दाखवली की रे. म्हणाले, वही राहू दे, स्पीड बघू."

त्या चार ओळींत निदान जवळजवळ झालेलंच होतं. तार खराब असती तर चालू कॉल तुटला असता. इथे जोडलेलं टिकत होतं, नवं जोडताना अडत होतं. आपण साइटचं नाव टाइप करतो, पण यंत्राला लागतो आयपी पत्ता, म्हणजे त्या साइटचा आकड्यांतला पत्ता. तो शोधून देण्याचं काम डीएनएस सर्व्हरचं. एकदा मिळालेला पत्ता लॅपटॉप काही वेळ लक्षात ठेवतो, म्हणून दुसऱ्या खेपेला पान पटकन उघडतं. मुदत संपली की पुन्हा विचारणं आलं. स्पीड टेस्टमध्ये हे दिसतच नाही. तिथं सर्व्हर एकदा सापडला की पुढे नुसता डेटा वाहतो.

लॅपटॉपवर कमांडच्या काळ्या खिडकीत ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या सार्वजनिक डीएनएस सर्व्हरला, पिंग लावून ठेवला (पिंग म्हणजे छोटी पॅकेटं पाठवून उत्तर येतं का ते बघणं). एकही पॅकेट गळेना. शेजारच्या खिडकीत एनएसलुकअप, म्हणजे डीएनएसला नावाचा पत्ता विचारणारी कमांड, चालवलं, तर प्रत्येक नावाला तेच: दोन सेकंद थांबून टाइम आउट. लॅपटॉपची नेटवर्क सेटिंग दाखवणाऱ्या आयपीकॉन्फिग ऑल कमांडमध्ये दोन डीएनएस दिसले. पहिला आकडा आमच्या कंपनीचा नव्हताच, दुसरा होता ८.८.८.८. दुसऱ्याला थेट विचारलं, उत्तर तत्काळ आलं.

म्हणजे पहिला सर्व्हर गप्प. विंडोज आधी त्यालाच विचारतं, सेकंदभर वाट बघतं, मग दुसऱ्याकडे वळतं. एक सेकंद कुणाला जाणवणार, असं वाटेल. पण एका बातमीच्या पानावर जाहिराती, चित्रं, व्हिडिओ धरून वीस-पंचवीस निरनिराळी नावं असतात, आणि पैसे भरताना तर बँकेकडून गेटवे, तिथून ओटीपीचं पान, असा प्रत्येक टप्प्यावर नवा पत्ता शोधावा लागतो. त्यात एखादा टप्पा वेळेत पुरा झाला नाही की व्यवहार फसतो. काकूंनी लाईट बिल भरताना हे सोसलं होतं.

तो अनोळखी आकडा पाहून मला आधी वेगळीच शंका आली. राउटरमध्ये शिरून डीएनएस बदलणारे लोक आहेत. डीएनएसचेंजर या व्हायरसने जगभरातले चाळीस लाखांवर संगणक असेच भलत्या सर्व्हरकडे वळवले होते. २०११ मध्ये एफबीआयच्या तपासातून ती टोळी पकडली गेली. म्हणून पत्त्याची नोंदणी तपासली. तो काकूंच्या जुन्या इंटरनेट कंपनीचा निघाला, तेव्हा हायसं वाटलं.

कनेक्शन बदललं तेव्हा राउटर जुनाच राहिला. जोडणी करणाऱ्याने नवा युजरनेम-पासवर्ड भरला, नेट सुरू झालं, तो गेला. पण राउटरमधल्या डीएचसीपीच्या पानावर (घरातल्या यंत्रांना पत्ता आणि डीएनएस इथून वाटले जातात) पूर्वी कुणीतरी हाताने भरलेले डीएनएस तसेच होते आणि राउटर तेच घरभर वाटत होता. जुन्या कंपनीचा सर्व्हर परक्या ग्राहकांना उत्तर देत नाही, आणि ते बरोबरच आहे. सगळ्यांसाठी उघडे ठेवलेले असे सर्व्हर हल्ल्यांसाठी वापरले जातात. मोबाईल का सुटला? पुण्याच्या नातवाने त्यात प्रायव्हेट डीएनएस, म्हणजे फोनचा स्वतःचा वेगळा डीएनएस, घालून दिला होता. तो राउटरने दिलेल्या सर्व्हरवर विसंबत नाही. आमची माणसं नेमका तोच मोबाईल हातात घेऊन "चालतंय की काकू" म्हणत होती.

दुरुस्ती किरकोळ होती. डीएचसीपीच्या पानावर आमचे दोन्ही सर्व्हर भरले, राउटरचा ॲडमिन-ॲडमिन पासवर्ड बदलला, लॅपटॉपने लक्षात ठेवलेले जुने पत्ते पुसले. टीव्ही आणि प्रिंटर बंद करून चालू केले, नाहीतर जुनी लीज, म्हणजे राउटरने दिलेल्या सेटिंगची मुदत, संपेपर्यंत ते जुनाच डीएनएस धरून बसतात. काकूंनी गृहपाठाची साइट उघडली, मग बँक, मग टीव्ही. प्रत्येकापुढे वहीत बरोबरची खूण केली.

आमच्या ॲपमध्ये तक्रार बंद करताना कारण निवडावं लागतं: केबल तुटली, ओएनटी खराब, राउटर खराब, स्पीड कमी. डीएनएस नाही. मी 'इतर'मध्ये सगळं सविस्तर लिहिलं आणि साहेबांना सांगितलं की ग्राहकाचा जुना राउटर ठेवला तर जोडणीच्या वेळीच डीएचसीपीचं पान उघडून बघायला हवं. त्यांनी ते जोडणीच्या फॉर्मवर घेतलं. ॲपमधला रकाना व्हायचाय, त्याची आठवण मी दर सोमवारच्या मीटिंगला करून देतो.